महाराजाला परत आणून काय होणार?

एअर इंडियाच्या बोधचिन्हावरून २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. त्या महिन्याच्या १० तारखेला टाटांनी दिल्लीत कंपनीचं नवं रूप जाहीर केलं. लाल हंस गेला, त्याच्या पोटातलं कोणार्कचं चक्र गेलं आणि त्या जागी सोनेरी चौकटीचा एक टोकदार तुकडा आला. त्याचं नाव ‘द व्हिस्टा’. तेव्हापासून आपल्याकडे दोन तट पडलेत. एक म्हणतो, पाऊणशे वर्षांचा वारसा पुसला, जाहिरातींतला आमचा फेटेवाला महाराजा परत द्या. दुसरा म्हणतो, बरं झालं, तो कमरेत वाकणारा मिशाळ सरंजामदार एकदाचा अडगळीत गेला. अधूनमधून तिसरा आवाज येतो: आधी खुर्च्या दुरुस्त करा, रंगरंगोटीचं नंतर बघू. विमान चार तास उशिरा सुटलं किंवा समोरचा पडदा चालला नाही, की हे तिन्ही आवाज नव्याने कामाला लागतात.

माझ्या मते महाराजा परत आणा ही मागणीच चुकीची आहे. तो सरंजामी होता म्हणून मी हे म्हणत नाही. त्या आक्षेपाकडे पुढे येईनच. ज्या गोष्टीमुळे महाराजा लोकांचा लाडका झाला ती त्याच्या मिशीत किंवा फेट्यात नव्हती. ती होती स्वतःच्या कंपनीची, तिच्या प्रवाशांची आणि जमलंच तर सगळ्या देशाची चारचौघांत थट्टा करण्याच्या हिमतीत. ही हिंमत हळूहळू आटली आणि चित्र तेवढं मागे राहिलं. आज वारसा म्हणून ज्याच्यासाठी गळे काढले जातात ते हे मागे राहिलेलं चित्र आहे.

आधी एक साधी वस्तुस्थिती, जी या वादात कुणी ध्यानात घेत नाही. महाराजा हे एअर इंडियाचं बोधचिन्ह कधीच नव्हतं. बोधचिन्ह होता सेंटॉर: धनु राशीच्या चित्रात असतो तसा अर्धा घोडा, अर्धा माणूस, धनुष्य ताणलेला आणि भोवती कोणार्कच्या चाकाची आठवण देणारं वर्तुळ. एअर इंडिया इंटरनॅशनलच्या जमान्यापासून २००७ पर्यंत, मधली एक-दोन वर्षं सोडली तर, कंपनीची अधिकृत खूण हीच होती. नरिमन पॉइंटच्या इमारतीच्या माथ्यावर तोच होता. कंपनीच्या हॉटेलांना नाव मिळालं तेही त्याचंच. मुंबईत मात्र सेंटॉर हे नाव बऱ्याच जणांना आठवतं ते १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांमुळे, कारण जुहूचं आणि विमानतळाजवळचं अशी दोन्ही सेंटॉर हॉटेलं त्या यादीत होती. खुद्द एअर इंडियाची इमारतही होती. सेंटॉर गेला तेव्हा त्याच्यासाठी कोण रडलं? कुणी अग्रलेख लिहिला? जवळजवळ सहा दशकं मिरवलेली अधिकृत खूण निघून गेली आणि कुणाला चुकल्याचुकल्यासारखंही वाटलं नाही. मग वारसा म्हणजे नुसता जुनेपणा असं कसं म्हणता येईल?

महाराजा जन्मला १९४६ मध्ये, म्हणजे टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली त्याच वर्षी. कंपनीच्या जाहिरातविक्रीची धुरा सांभाळणारे बॉबी कूका आणि जे. वॉल्टर थॉम्सन या जाहिरात कंपनीच्या मुंबई कार्यालयातले चित्रकार उमेश राव, या दोघांची ती निर्मिती. पहिली कामगिरी अगदीच किरकोळ: विमानात प्रवाशांना द्यायच्या टिपणवहीवर छापण्यासाठी काहीतरी हवं होतं. चित्र नीट बघा. डोळे मिटलेले, नाक पोपटासारखं, मिशी चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर गेलेली, फेटा डोक्यापेक्षा मोठा, एक हात छातीवर आणि कमरेतून झुकलेला गोल देह. हे राजाचं चित्र नाही. राजाचा वेष केलेल्या, मनातल्या मनात हसणाऱ्या माणसाचं आहे. कूकांनी स्वतःच सांगून ठेवलं होतं की दुसरं बरं नाव सुचलं नाही म्हणून त्याला महाराजा म्हणतो, पण त्याचं रक्त काही राजघराण्यातलं नाही.

१९४६ हे वर्षही विसरू नका. देशात तेव्हा साडेपाचशेहून अधिक संस्थानिक गादीवर होते. त्यांच्या गाड्या, त्यांच्या शिकारी, त्यांच्या लंडन-पॅरिसच्या वाऱ्या हे वर्तमानपत्रांचं रोजचं खाद्य होतं. राजे खरोखर राज्य करत असताना, मुंबईच्या एका विमान कंपनीने तसाच एक राजा प्रवाशांची उठबस करायला, अदबीने वाकायला ठेवला. त्या विनोदाला धार होती, कारण ज्याच्यावर विनोद होता तो अजून तख्तावर बसलेला होता.

पुढच्या पंचवीस वर्षांत या गोल माणसाने काय काय केलं! पॅरिसमध्ये प्रेमवीर झाला, टोकियोत सुमो पैलवान झाला, कुठे फुटपाथवर चित्रं काढत बसला, ऋषिकेशला ध्यानधारणेचा गुरू झाला. जगभर ज्या ज्या शहराला विमान जाई त्या शहराची आणि स्वतःची तो एकाच वेळी टर उडवायचा. मुंबईतल्या होर्डिंगवर तर तो गावातल्या ताज्या घडामोडींवर शेरे मारायचा. लक्षात घ्या, १९५३ साली राष्ट्रीयीकरण झालं होतं, ही सरकारी कंपनी होती. सरकारी खात्याने स्वतःची खिल्ली उडवणारी जाहिरात करावी आणि ती वर्षानुवर्षं चालू राहावी, हे आज कल्पनेतही येत नाही. ते जमलं, कारण १९५३ पासून १९७८ पर्यंत अध्यक्षपदी जेआरडी टाटा होते आणि कूकांच्या पाठीवर त्यांचा हात होता. प्रत्येक ओळीला सहीसाठी सात टेबलं फिरावं लागलं असतं तर महाराजाने पहिल्याच महिन्यात तोंड मिटलं असतं.

त्याच हाताखाली कंपनीने चित्रंही जमवली. बी. प्रभांपासून हुसेन, गायतोंडे, रझा यांच्यापर्यंत, चित्रकार अजून नावारूपाला यायचे होते तेव्हा एअर इंडियाने त्यांची कामं घेतली; कधी रोख मोबदला दिला, कधी विमानाचं तिकीट. १९६७ मध्ये साल्वादोर दाली याच्याकडून ॲशट्रेचा नमुना करवून घेतला. त्यातला हंस उलटा धरला की हत्तीचं डोकं दिसतं आणि हत्ती उलटा केला की हंस. दालीने मोबदला म्हणून हत्तीचं पिल्लू मागितलं आणि कंपनीने ते खरोखर विमानाने युरोपात पाठवलं. (चाळीस वर्षांनी कंपनीने शेपटीवर पुन्हा हंस घेतला. तो कसाही धरला तरी हंसच राहिला.)

आता आक्षेपांकडे वळू. महाराजावर सरंजामशाहीचा शिक्का मारणारे जे म्हणतात त्यात तथ्य आहे, आणि ते ‘अहो, गंमत होती ती’ म्हणून उडवून लावता येत नाही. प्रजासत्ताक झालेल्या देशाने परदेशात स्वतःची ओळख एका फेटेवाल्या राजाच्या तोंडून का करून द्यावी? पाश्चात्त्यांना हिंदुस्थान म्हणजे हत्ती, राजे आणि गारुडी एवढंच माहीत होतं. त्यांना हवं तेच दाखवून तिकिटं विकणं ही हुशारी असेल, पण त्यात थोडी लाचारीही आहे. त्या पोस्टरांतल्या कित्येक बायका केवळ महाराजाने डोळा मारायला म्हणून उभ्या आहेत. अमेरिकेतल्या आदिवासींचा वेष करून केलेलं त्याचं सोंग आज पाहवत नाही. शिवाय हा विनोद कुणासाठी होता? १९५० च्या दशकात विमानात बसणारा भारतीय म्हणजे मूठभरांतला मूठभर. मराठवाड्यातल्या कुळाने किंवा गिरणगावातल्या कामगाराने टोकियोचं पोस्टर पाहून हसावं अशी कुणाची अपेक्षाच नव्हती.

हे सगळं मान्य. पण या टीकाकारांनी महाराजाला स्थिर मूर्ती समजून वाद घातला, तिथे त्यांची चूक होते. चित्र तेच राहिलं तरी अर्थ बदलत गेला, आणि तो नेमका उलटा झाला. १९७१ चं वर्ष घ्या. त्या एप्रिलमध्ये पहिलं जंबो जेट, ‘एम्परर अशोक’, मुंबईत उतरलं. त्याच्या प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगात राजवाड्याचा झरोका रंगवलेला होता आणि जाहिरातीतलं नाव होतं आकाशातला महाल. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि पदव्या रद्द झाल्या. एका हाताने सरकार राजांना खालसा करत होतं आणि दुसऱ्या हाताने सरकारच्याच कंपनीचं विमान महालासारखं सजत होतं. तो झरोका सुंदर होता, याबद्दल वाद नाही. विमानाची खिडकी ही मुळात लहानशी गोलाकार फट. तिला महिरप देऊन, शंभराहून अधिक वेळा तीच महिरप ओळीने मांडून, कारखान्यातून आलेल्या अमेरिकी यंत्राला कुणी इतक्या थोडक्या रंगात आपलंसं केल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. पण त्यात थट्टा उरली नव्हती. १९४६ चा महाराजा राजेपणाला हसत होता. १९७१ चा महाल राजेपणाचा थाट विकत होता.

त्यानंतर उतार सरळ आहे. राजे गेले, त्यांचे वाडे हॉटेलं झाले, त्या हॉटेलांत लग्नं होऊ लागली आणि ‘शाही’ हे विशेषण पनीरपासून पलंगापर्यंत सगळ्याला लागलं. आता महाराजा म्हटल्यावर कुणी हसत नाही. थाट मिळणार म्हणून पैसे मोजतो. २०१५ च्या सुमारास त्याला सडपातळ करून, जीन्स आणि बूट घालून, खांद्याला पिशवी अडकवून तरुण करायचाही प्रयोग झाला. पूर्वी तो वेष बदलायचा ते चेष्टा म्हणून, या वेळी त्याला मनापासून नटवण्यात आलं. आणि आज? टाटांनी त्याला पूर्ण काढलेलं नाही. वरच्या वर्गाच्या प्रवाशांच्या लाउंजमध्ये वगैरे तो आहे, आणि नियमित प्रवाशांना गुण देणाऱ्या योजनेचं नाव २०२५ पासून ‘महाराजा क्लब’ आहे. म्हणजे ज्याच्या रक्तात राजेपण नाही असं त्याच्या जनकाने बजावून सांगितलं, तो आता खास लोकांसाठीच्या दाराआड बसलाय. परत आणा म्हणणाऱ्यांना मी विचारतो: तुम्हाला हाच महाराजा हवा होता का?

आता समोरच्या बाजूचे सर्वांत भक्कम पुरावे. पहिला ब्रिटिश एअरवेजचा. १९९७ मध्ये त्यांनी विमानाच्या शेपटीवरून ब्रिटिश झेंडा उतरवला आणि जगभरातल्या कलाकारांची चित्रं रंगवली. तर्क बिनचूक होता: निम्म्याहून जास्त प्रवासी ब्रिटनबाहेरचे, मग झेंडा कशाला? त्या वर्षीच्या हुजूर पक्षाच्या अधिवेशनात मार्गारेट थॅचरबाईंनी विमानाच्या छोट्या प्रतिकृतीच्या शेपटीवर आपला हातरुमाल गुंडाळला आणि ही भयंकर चित्रं आम्हाला नकोत असं छायाचित्रकारांसमोर सुनावलं. तोवर व्हर्जिन या प्रतिस्पर्धी विमान कंपनीने संधी साधून तोच झेंडा आपल्या विमानांवर चढवला. चार वर्षांत सगळा ताफा पुन्हा झेंड्याकडे वळवण्याचा निर्णय झाला. परदेशी प्रवासी ब्रिटिश कंपनीचं तिकीट काढतात ते ती ब्रिटिश आहे म्हणूनच, हे बाजाराची पाहणी करणाऱ्यांना कळलं नव्हतं. हा धडा टाटांच्या सल्लागारांनीही वाचायला हवा होता, असं माझं प्रामाणिक मत आहे.

दुसरा पुरावा याहून नेमका. जपान एअरलाइन्सचा लाल सारस, पंख गोल पसरून सूर्यासारखा दिसणारा, जगातल्या सर्वांत देखण्या खुणांपैकी एक. देशांतर्गत कंपनीशी विलीनीकरण झाल्यावर २००२ पासून तो काढला आणि शेपटीवर सूर्याचा एक अर्धवट कंस आणला. २०१० च्या जानेवारीत कंपनी दिवाळखोरीत गेली. २०११ मध्ये सारस परत आला, २०१२ मध्ये कंपनीचे शेअर पुन्हा बाजारात नोंदले गेले. मग काय राहिलं? खूण परत आली, नशीब परत आलं!

क्रम बघा म्हणजे उत्तर मिळतं. सारस परतण्याआधी हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, तोट्याचे मार्ग बंद झाले होते, जुनी जंबो विमानं विकली गेली होती आणि काझुओ इनामोरी या ऐंशीकडे झुकलेल्या उद्योजकाने बिनपगारी अध्यक्ष होऊन प्रत्येक खात्याला आपापला जमाखर्च मांडायला लावला होता. सारस शेवटी आला, शपथ घ्यावी तसा. दुसरं म्हणजे सारस हे चिन्ह आहे, पात्र नाही. चिन्ह बोलत नाही, म्हणून ते जसंच्या तसं पुन्हा लावता येतं. जर्मनांचा क्रौंच ऑटो फिर्ले यांनी १९१८ मध्ये काढला. लुफ्थान्सा या विमान कंपनीने त्याची पिवळी पार्श्वभूमी १०० वर्षांनी काढली, लोक चार दिवस कुरकुरले आणि गप्प बसले. पात्राचं तसं नसतं. पात्राला कुणीतरी संवाद लिहून द्यावे लागतात. कूका आणि राव यांच्याशिवायचा महाराजा म्हणजे मुका नट.

आणि जुनी ओळख परत आणण्याचा प्रयोग आपल्याकडे झाला नाही असं थोडंच आहे? १९८९ मध्ये एअर इंडियाने झरोके पुसले, विमान पांढरं केलं आणि गडद लाल शेपटीवर सोनेरी सूर्य काढला. प्रवाशांनी आरडाओरडा केला. निम्म्या ताफ्यावर रंग चढून झाला होता, तरी दोनेक वर्षांत कंपनीने माघार घेतली आणि झरोके परत आले. वारसावाद्यांचा याहून मोठा विजय कोणता? पण त्याने साधलं काय? १९९४ मध्ये हवाई निगमांचा कायदा रद्द होऊन मक्तेदारी संपली, खासगी कंपन्या आल्या आणि झरोकेवालं विमान मागे पडत गेलं. ज्यांच्या आठवणीत तो काळ सोनेरी आहे त्यांनी हेही आठवावं की ‘एम्परर अशोक’ १ जानेवारी १९७८ च्या रात्री वांद्र्याच्या समुद्रात कोसळलं आणि त्यातले सगळे २१३ जण गेले. महिरपीने विमान वर राहत नाही. पॅन ॲम या अमेरिकी विमान कंपनीचा निळा गोल जगात कुठल्याही मुलाने ओळखला असता, आणि ती कंपनी डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली.

२००७ च्या हंसाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या, तेव्हा एकीच्या सेंटॉरचा ताणलेला आकार हंसाला दिला आणि दुसरीचं कोणार्क-चक्र त्याच्या अंगात बसवलं. दोन्ही घरची मंडळी नाराज होऊ नयेत म्हणून केलेला तो तह होता. त्यात बिचाऱ्या इंडियन एअरलाइन्सची अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत घडलेली जुनी नारिंगी खूण आधीच हरवली होती, आणि तिचं कुणाला काही वाटलं नाही याचं मला अजून आश्चर्य वाटतं. तह कागदावर राहिला. २०१२ मध्ये सरकारला तीस हजार कोटींहून अधिक रुपयांची मदत मंजूर करावी लागली, २०१८ मध्ये कंपनी विकायला काढली तर एकही बोली आली नाही, आणि अखेर ऑक्टोबर २०२१ मध्ये १८,००० कोटींची बोली लावून टाटांनी ती घेतली.

तिसऱ्या आवाजाकडे आता येतो: आधी खुर्च्या, मग रंग. प्रवाशाच्या जागी बसून पाहिलं तर हे म्हणणं अगदी रास्त आहे. बाहेर चकचकीत सोनेरी रेघ आणि आत दोरीने बांधलेलं टेबल, यात एक अपमान आहे. पण खर्चाचा हिशेब तसा चालत नाही. विमान दर काही वर्षांनी मोठ्या देखभालीला जातं, तेव्हा जुना रंग काढून नवा द्यावाच लागतो. नवी विमानं तर कारखान्यातूनच रंगून येतात. कंपनीने २०२३ च्या फेब्रुवारीत ४७० विमानं घ्यायचं जाहीर केलं. ती सगळी हंस लावून आणायची आणि नंतर पुन्हा रंगवायची का? मोठ्या विमानांच्या आतल्या बाजूसाठी ४० कोटी डॉलरची तरतूद त्याआधीच, २०२२ मध्ये जाहीर झाली होती. खुर्च्यांचं काम रेंगाळलं त्याला कारण पैसा नव्हे, पुरवठा होता. तेव्हा रंगामुळे खुर्ची अडली हे खरं नाही. खरा प्रश्न वेगळा आहे: एवढा रंग लावून बोललात काय?

व्हिस्टा वाईट नाही. झरोक्याच्या महिरपीचं फक्त टोक उचलून त्याची खूण करायची, ही मूळ कल्पना शहाणपणाची आहे. अक्षरं सुबक आहेत, लांबून वाचता येतात. लाल, वांगी आणि सोनेरी हा मेळ रात्रीच्या धावपट्टीवर उठून दिसतो. महाराजाची मिशी मोबाइलच्या चिमुकल्या चौकोनात दिसणार नाही आणि हे टोक दिसेल, हा व्यवहारही मला कळतो. सिंगापूर आणि आखातातल्या श्रीमंत कंपन्यांशी न्यूयॉर्क-मेलबर्नच्या मार्गावर सामना आहे, तिथे गबाळं दिसून चालणार नाही, हेही कबूल. पण ही खूण उद्या लोअर परळच्या एखाद्या पन्नास मजली टॉवरच्या फाटकावर लावली, तर कुणाला संशय येईल का? तिच्या अनावरणात अमर्याद शक्यता, आत्मविश्वास, प्रगती हे शब्द होते. ते शब्द बँकेचे, विम्याचे, सिमेंटचेही असतात. महिरपीचं टोक ठेवलं आणि महिरपीआडून डोकावणारं, चेष्टा करणारं माणूस वगळलं. कंपनीला दिसायचं कसं ते कळलं, बोलायचं काय ते नाही.

यावर मला एक उत्तर मिळेल, आणि ते गंभीर आहे. जून २०२५ मध्ये अहमदाबादला विमान कोसळून २६० माणसं गेली, विमानातली २४१ आणि जमिनीवरची १९. अशा कंपनीने विनोद करावा? त्या दुःखाजवळ विनोदाने फिरकूही नये, हे सांगायला नको. पण कूकांच्या काळातही हे झालं होतं. १९५० मध्ये ‘मलबार प्रिन्सेस’ आणि १९६६ मध्ये ‘कांचनजंगा’ ही दोन्ही विमानं माँ ब्लांच्या पर्वतात आपटली. दुसऱ्यात होमी भाभा होते. महाराजा त्यानंतरही बोलत राहिला. तो अपघातावर बोलला नाही. रांगांवर, खाण्यावर, शहरांच्या नखऱ्यांवर, कंपनीच्या स्वतःच्या गोंधळांवर बोलला. उलट मला वाटतं, जी कंपनी रोजच्या छोट्या चुका हसत कबूल करायला शिकते, तिच्या मोठ्या प्रसंगातल्या निवेदनावर लोक थोडा तरी विश्वास ठेवतात. एरवी सगळीच वाक्यं वकिलाने तपासल्यासारखी वाटतात.

मग जपायचं काय? विक्रीच्या अटींनुसार कंपनीची आठ चिन्हं टाटांकडे गेली. पाच वर्षं ती दुसऱ्या कुणाला देता येत नाहीत आणि त्यानंतरही फक्त भारतीय मालकालाच देता येतील. महाराजा त्यात आहे. चित्रसंग्रह मात्र सरकारकडे राहिला. सुमारे चार हजार कलाकृती राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवायचं ठरलं. नरिमन पॉइंटची इमारत महाराष्ट्र सरकारने १,६०१ कोटींना घेतली. म्हणजे घराची वाटणी झाली: राजा एकाकडे, चित्रं दुसऱ्याकडे, वास्तू तिसऱ्याकडे. ‘महाराजा परत द्या’ म्हणणाऱ्यांनी आपला जोर खरं तर इथे लावायला हवा. ती पोस्टरं सार्वजनिक पैशावर झाली. या संग्रहालयाची मुंबई शाखा फोर्टात, नरिमन पॉइंटपासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे गायतोंडे आणि हुसेन यांच्याबरोबरीने ती पोस्टरं टांगा, वाईट विनोदांसकट, आदिवासींच्या सोंगासकट; आणि खाली उमेश राव यांचं नाव ठळक लिहा. कूकांचं नाव निदान जाहिरातवाल्यांना ठाऊक आहे. रेषा ज्याने काढली त्याचं नाव विचारलं तर शंभरात पाच जण सांगतील की नाही, शंका आहे. एजन्सीत पगारावर काम करणाऱ्या चित्रकाराला आपल्याकडे कलावंत मानायची पद्धतच नाही.

आणि टाटांना वारसा पुढे न्यायचाच असेल, तर लाउंजमधल्या मूर्तीवरची धूळ पुसत बसण्यापेक्षा त्यांनी जे. जे. च्या उपयोजित कला महाविद्यालयातून बाहेर पडलेली एखादी तिखट जिभेची मुलगी नोकरीला घ्यावी. तिला राजा काढायचा नसेल तर तिने राजा काढू नये. पहिल्यांदा विमानात बसलेली नांदेडची आजी काढावी, आखातातून सुटीवर परतणारा सुतार काढावा, सामानाच्या पट्ट्यासमोर ताटकळणारा कंपनीचाच अधिकारी काढावा. आठवड्याला एक होर्डिंग, मधे सहीचं एकच टेबल. पहिलं होर्डिंग उशिरा सुटणाऱ्या विमानावर असावं, आणि ते वेळेवर लागावं.